टिटवीने पाहिलं तेवढंच

मुलांनो, रानातल्या एका तळ्याकाठी पान हललं तरी दचकणारी एक टिटवी राहत असे. एका सकाळी एक चितळ पाण्याशी आलं, त्याने तोंड खाली नेलं आणि घोटही न घेता ते मागे फिरलं. त्याच्या ओठांवरून लाळेची तार लोंबत होती. बस, एवढंच. पण टिटवीच्या काळजात धस्स झालं. तिच्या घरट्याशेजारच्या गवतात शेजारणीचं, एका हरणीचं, नुकतंच जन्मलेलं पाडस लपलेलं होतं. हरणी पलीकडच्या काठावर एकटीच चरायला जायची आणि टिटवी पाडसाकडे लक्ष ठेवायची. हे दुखणं त्याच्यापर्यंत आलं तर?

"धोका! धोका!" टिटवी आभाळात घिरट्या घालत ओरडली. आता त्या रानाची रीत अशी, की धोक्याची हाक आली की सगळ्यांनी धावत येऊन अंगाला अंग लावून उभं राहायचं. वाघापासून तसंच वाचता येतं ना! कळप गोळा झाला आणि लाळ गळणारं चितळ नेमकं मधोमध आलं. दुसऱ्या दिवशी आणखी कितीतरी जण लाळ गाळत लंगडू लागले. टिटवी पुन्हा ओरडली, कळप पुन्हा गोळा झाला.

"टिटवीबाई," शेंड्यावरून वानर म्हणालं, "वाघ कुठंय? मला तर त्याचं शेपूटसुद्धा दिसत नाही. आज काय, स्वतःच्या सावलीला घाबरलात वाटतं?"

"वाघ नाही हो काका, आजार आहे."

"मग तसं सांगायचं ना! पण आजाराची हाक आपल्या रानात आहेच कुठे?"

तेवढ्यात साळुंकी फांदीफांदीवर बातमी देत आली. "ऐकलंत का? रानडुकरांनी आणलंय हे! कडुलिंबाखाली जाऊन उभे राहा, तिथे काही होत नाही!"

"तुला कुणी सांगितलं?" टिटवीने विचारलं.

"अगं, सगळेच म्हणताहेत!"

"आणि सगळ्यांना कुणी सांगितलं?"

"मीच की!" असं म्हणून साळुंकी पुढच्या झाडावर गेलीसुद्धा.

कडुलिंबाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. टिटवीचा घसा बसला होता, पंख दुखत होते. आता ओरडायचं तरी कुणासाठी, असं वाटून ती काठावर नुसती बसून राहिली. बसल्या बसल्या मात्र तिला दिसत गेलं. गर्दीत अंग घासणारे आजारी पडत होते. उतारावर एकटाच चरणारा म्हातारा काळवीट अगदी धडधाकट होता. वरच्या ओढ्यावर पाणी पिणारे ससेही बरे होते.

संध्याकाळी पलीकडच्या काठावरून हरणी निघाली. "साळुंकी म्हणाली, कडुलिंबाखाली बरं असतं," ती आपल्याशीच बोलत होती. "पिल्लाला तिकडेच नेते." आईचा आवाज ऐकून गवतातलं पाडस धडपडत उठलं.

टिटवीने हाक मारली. हरणीने मान वर केली नाही. टिटवी रोजच ओरडते, त्यात नवल काय? टिटवीने पुन्हा हाक मारली. हरणी चालतच राहिली. मग टिटवी ओरडत घिरट्या घालायला उडालीच नाही. ती पाण्याच्या कडेला गेली आणि बसक्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

"ताई, हा आजार कुठून आला, मला माहीत नाही. कडुलिंबाने काय होतं, तेही माहीत नाही. मी पाहिलं तेवढंच सांगते. लाळ गळणाऱ्यांजवळ जे उभे राहिले, ते आजारी पडले. जे लांब राहिले, ते बरे आहेत. गर्दीत जाऊ नका. पाणी वरच्या ओढ्याचं प्या."

हरणी आणखी चार पावलं पुढे गेली. टिटवीने तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला तिने चोच उघडली, तशी हरणी थबकली.

"ऐकलं गं बाई," पाण्यावरून आवाज आला. "गर्दीत जायचं नाही, पाणी वरच्या ओढ्याचं. पिल्लाला खाली बसव. मी वरून वळसा घालून येते, आणि वाटेत भेटेल त्याला हेच सांगते."

तात्पर्य : साथीच्या दिवसांत नुसतं 'धोका' म्हणून ओरडू नये, काय पाहिलं, काय माहीत नाही आणि काय करायचं, हे शांतपणे सांगावं, आणि कुणी ऐकेपर्यंत सांगत राहावं.