करवंदीत हरवलेला चेंडू

टेकडीवरचं नगरपालिकेचं गोल्फचं मैदान भलतंच अवघड होतं. ते ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला मुख्याधिकारी साहेब स्वतःच खेळायला आले. पहिल्याच फटक्याला त्यांचा चेंडू करवंदीच्या जाळीत गडप झाला. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळे आपापला खेळ सोडून शोधायला धावले.

"चेंडूच सापडत नाही, असलं मैदान काय कामाचं?" साहेब कडाडले.

वर्षानुवर्षं इथे खेळणाऱ्या शरयूताई पुढे आल्या. त्या हसून म्हणाल्या, "साहेब, तरुणपणी माझाही चेंडू ह्याच जाळीत गेला. तो अजून सापडला नाही. शोधायला आलेले हे मात्र सापडले."

जाळीतून पिकल्या केसांचं एक डोकं वर आलं. "अगं, साहेबांचा तिकडे दिसतोय का?"

साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि तेही जाळीत वाकले. चेंडू काही मिळाला नाही. मैदान बंद करायचा विषयही मग तिथेच हरवला; तो मात्र कुणी शोधला नाही.