होडीचं टोक, राजवाड्याचं टोक

थायलंडच्या उत्तरेकडे, एका नदीच्या वळणावर, एक लहानसा विहार आहे. बँकॉकचे सोन्यानं मढवलेले विहार आणि राजवाडे पाहून आलेल्या माणसाच्या नजरेत तो भरत नाही. छपराचा रंग विटलेला, पायरीवरच्या नागाच्या फण्याला तडा गेलेला, मागच्या अंगणात एक पांढरा स्तूप. पण त्या अंगणात एक गोष्ट दिसते, ती दुसरीकडे कुठे दिसत नाही. जोडीनं आलेली माणसं इथे स्तूपाला प्रदक्षिणा घालतात, तेव्हा दोघांमध्ये एक लांब पिवळं कापड असतं. एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. एका टोकावर होडी विणलेली असते, दुसऱ्यावर राजवाड्याचं टोकदार छप्पर. एकमेकांना शिवायचं नाही आणि कापड ओढायचं नाही, एवढंच पथ्य.

कापडांची टोपली घेऊन झाडाखाली बसलेला म्हातारा लुंग मून. लुंग म्हणजे काका. तरुणपणी शहरातल्या एका भारतीय खानावळीत राबल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं, आणि गोष्ट ऐकल्याशिवाय तो कुणाच्या हातात कापड देत नाही. घाई असेल त्यानं पुढचा विहार गाठावा, असं त्याचं रोखठोक म्हणणं.

एके दिवशी त्याच्यासमोर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे हरिदास आणि वसुधा गजभिये बसले होते. हरिदास नोकरीतून मोकळे झाले आणि बौद्ध देशात जायचं दोघांचं जुनं स्वप्न पुरं झालं. पण हरिदासांची चाल म्हणजे गाडी सुटत असल्यासारखी. हातात फोन, नजर कळसावर, आणि वसुधाबाई दहा हात मागे. बँकॉकच्या राजवाड्यात त्या दमून एका भिंतीच्या सावलीला टेकल्या, तर नवरा पुढचे दोन चौक पाहून आला, तरी त्याला बायको सोबत नसल्याचा पत्ता नाही. बोलून दाखवायची त्यांची सवयही हल्ली मोडली होती. आलेल्या दिवसापासून त्यांनी सगळं पाहिलं ते नवऱ्याच्या पाठीच्या कडेकडेनं.

लुंग मूननं दोघांकडे एकदा नीट पाहिलं आणि सुरुवात केली. तो सांगतो ते असं.

फार पूर्वी, राजाच्या नगरीला जायचा रस्ता म्हणजे ही नदीच होती तेव्हा, वरच्या डोंगरातल्या एका गावात केवदा नावाची विणकरीण होती. तिचा नवरा इनथा होड्या बांधायचा. लग्नात त्यानं तिला दागिना दिला नाही, शब्द दिला. तुला राजवाडा दाखवीन, म्हणाला. त्याचं छप्पर इतकं झळाळतं की वरून जाणारे पक्षी वाट चुकतात, असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. दोघांपैकी कुणी तो पाहिला नव्हता. इनथानं एक होडी स्वतःसाठी बांधली, नदीला पाणी चढलं, आणि दोघं निघाली.

ते होडीतले दिवस केवदाच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. संध्याकाळी काठाला लागलं की इनथा चिकट भाताचे गोळे एकावर एक रचायचा, वरच्या गोळ्याला चिमटीनं टोक काढायचा आणि म्हणायचा, "हा बघ राजवाडा." मग दोघं मिळून तो राजवाडा खाऊन टाकायची. उद्या आणखी एक मजला चढवू, असं ठरायचं.

या वळणाशी इनथाला ताप भरला. डोंगरातला ताप तो, भल्याभल्यांना उठू देत नाही. विहारातल्या भिक्खूंनी त्याला उचलून पडवीत निजवलं. औषधपाणी झालं, पण तो डोळे उघडेना. चौथ्या की पाचव्या रात्री केवदा बुद्धाच्या मूर्तीसमोर कपाळ टेकून नवस बोलली, "याला उठव. उठला तर एक पावसाळा तो तुझा." त्या देशात ही जुनी रीत आहे. संसारी पुरुषही एका वर्षावासापुरतं, म्हणजे पावसाळ्यापुरतं, भिक्खूचं चीवर घालतो, आणि पाऊस सरला की उतरवून घरी येतो.

म्हणे, पहाट व्हायच्या आत इनथानं पाणी मागितलं.

नवसाचं ऐकून तो हसला. "एक पावसाळा ना? मग पुढे राजवाडा," म्हणाला. वर्षावासाच्या पहिल्या दिवशी त्याचं डोकं भादरलं, रिवाजाप्रमाणे भुवयाही काढल्या. रांगेतून भिक्खू बाहेर आले तेव्हा केवदाला आपला नवरा कोणता ते क्षणभर ओळखू येईना. ओळखलं ते त्याच्या रुंद, होडी तासणाऱ्या हातांवरून. त्या हातांना आता शिवायचं नव्हतं. स्त्रीनं भिक्खूच्या हातात काही द्यायचं नाही. तो आपल्यासमोर कापड पसरतो, तिनं त्यावर ठेवायचं, मग तो कापड जवळ ओढून घेतो.

विहारातलं ते कापड होतं हातरुमालाएवढं. केवदानं गावातल्या एका म्हातारीच्या, खांबांवर उभ्या घराखाली माग मांडला आणि एक लांबलचक कापड विणून आणलं. विहारप्रमुख थोरल्या भन्तेंनी विचारलं, "एवढं लांब कशाला, बाई?"

"म्हणजे मला नियमाप्रमाणे लांब बसता येईल, भन्ते," ती म्हणाली.

खरी गोष्ट थोरले भन्तेही ओळखून असावेत. लांब कापडाचं एक टोक इनथाच्या हातात असायचं, आणि दुसरं, भात ठेवता ठेवता, तिच्या हातात राहायचं. दिवसातून तेवढा एक क्षण दोघांनी एकच वस्तू धरलेली असायची. आपल्याकडे लग्नात अंतरपाट धरतात, तो दोन श्वासांत बाजूला होतो. हिचा अंतरपाट रोज सकाळी धरला जायचा आणि तसाच राहायचा. पण एका पावसाळ्याचाच तर प्रश्न होता. तिनं दिवस ढकलायला सुरुवात केली. रोज विहारातून परतताना ती धक्क्यावर जायची, आणि होडीत साचलेलं पावसाचं पाणी करवंटीनं उपसून टाकायची. होडी निघायला तयार असली पाहिजे.

पहिल्या दिवसांत कापड ओढून घेण्याआधी इनथा टोकाला हळूच एक हिसका द्यायचा. कुणाला दिसायचा नाही, फक्त तिच्या बोटांना कळायचा. तीही उलट एक हिसका द्यायची. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. मग पाऊस वाढला. एका सकाळी हिसका आला नाही. भन्तेंची नजर असेल, असं तिनं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी आला, पण उशिरा, आठवण झाल्यासारखा. पुढे पुढे बंदच झाला. कापड जायचं ते एका संथ लयीत, कुणाही भिक्खूनं ओढावं तसं. इनथाची मान खाली असायची आणि चेहऱ्यावर तिनं कधी न पाहिलेली शांतता. तो आजारी नव्हता, दुःखी नव्हता. दुःखी असता तर तिला काहीतरी करता आलं असतं.

हे ती बोलणार कुणाला? माहेर डोंगरात, सासर डोंगरात, आणि इथे ज्याच्यासाठी थांबायचं त्याच्याशीच बोलायची बंदी. मागावर बसून ती कापडच विणत राहायची, आणि रोज होडीतलं पाणी उपसायची.

वर्षावास संपला. केवदानं इनथाचे घरचे कपडे धुवून, घडी घालून आणले. भाताची करंडीही नेहमीसारखी बरोबर होती. थोरले भन्ते म्हणाले, "नवस फिटला. हा आता मोकळा आहे. काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा."

इनथानं घडी केलेल्या कपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "केवदा, तू म्हणशील तर मी येतो."

इथे लुंग मून दर वेळी थांबतो आणि नाक मुरडतो. लोक इनथाला पुण्यवान म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याला यायचं असतं तो 'येतो' म्हणतो, 'तू म्हणशील तर' म्हणत नाही. निवाडा बायकोच्या गळ्यात घालून हा मात्र नामानिराळा. लुंग मूनचं हे मत विहारातल्या भिक्खूंना फारसं आवडत नाही, पण त्याला कोण अडवणार?

केवदानं उत्तर म्हणून घडी केलेले कपडे कापडावर ठेवले. आता इनथानं कापड ओढलं की झालं. कपडे त्याचे, आणि तो तिचा. इनथानं आपलं टोक धरलं. ओढलं मात्र नाही. सोडलंही नाही. तिनं आपलं टोक धरून ठेवलं आणि बोटांत हिसका येण्याची वाट पाहिली. बाकीचे भिक्खू जेवून उठले. अंगणातल्या सावल्या आखडत आखडत पायांशी आल्या. मध्यान्हीनंतर भिक्खूला अन्न घेता येत नाही, हा नियम केवदालाही ठाऊक होता. आणखी थोडा वेळ असंच गेलं, तर हा उद्या सकाळपर्यंत उपाशी राहणार. तापातून उठलेला माणूस. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही.

तिनं कपडे उचलून घेतले. त्या जागी भाताचा गोळा ठेवला, आणि ठेवण्याआधी त्याला वरून चिमटीनं एक टोक काढलं.

इनथानं तो गोळा पाहिला. मग कापड जवळ ओढून घेतलं. असं सांगतात की तो भात त्यानं मध्यान्हीच्या आत संपवला. एक शीतही टाकलं नाही.

एका पावसाळ्याचा नवस होता, बाईनं तो जन्मभर फेडला. ती वर डोंगरात परत गेली नाही, की पुढे राजाच्या नगरीलाही नाही. त्या दिवसानंतर तिनं होडीतलं पाणी उपसलं नाही. होडी भरली आणि धक्क्याशी बांधल्या जागी बुडाली. केवदा विहारासाठी कापडं विणत राहिली. एका टोकाला होडी काढायची, दुसऱ्या टोकाला राजवाडा. नदीनं येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती विचारायची, राजवाड्याचं छप्पर कसं हो असतं? जो तो आपल्या परीनं सांगायचा, म्हणून तिच्या एका कापडावरचं छप्पर दुसऱ्यासारखं नाही. कुणी म्हणालं, अगं, चार वल्ही मारलीस की पोचशील, स्वतःच बघून ये. तर म्हणाली, "जोडीनं बघायचं ठरलं होतं."

रोज सकाळी ती भात ठेवायची, तो कापड ओढून घ्यायचा. दोघांचे केस, म्हणजे तिचे, पांढरे झाले. त्याला केसच नव्हते. त्रिशरणाच्या पाठापलीकडे एक शब्द दोघांत झाला नाही. हिसकाही पुन्हा कधी आला नाही. तरी तिनं टोक धरायचं सोडलं नाही.

ती गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे शवपेटीवर कापड घातलं. मेलेल्या माणसाच्या नावानं ते दान असतं. ज्येष्ठ भिक्खूनं पाठ म्हणत ते ओढून घ्यायचं. तोवर इनथाच विहारातला ज्येष्ठ झाला होता. तिनं शेवटचं विणलेलं कापड होतं ते, होडीचं टोक पेटीवर, तिच्या छातीच्या वर होतं. इनथानं राजवाड्याचं टोक हातात घेतलं आणि तो तसाच उभा राहिला. पाठ संपला. लोकांना वाटलं, म्हातारा पुढचं विसरला. कुणीतरी खोकलं, कुणी हळूच सुचवलं. मग जवळच्यांच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्यानं टोकाला एक बारीकसा हिसका दिला होता, आणि दुसरीकडून उलट काही येतं का, याची तो वाट बघत होता.

मध्यान्ह टळून गेली. त्या दिवशी इनथा जेवला नाही. संध्याकाळी कापडाची दोन्ही टोकं हातात धरून तो स्तूपाभोवती फिरताना दिसला, म्हणे. पुढे जगला तेवढे दिवस तसाच फिरला.

लुंग मूनची गोष्ट संपली. त्यानं टोपलीतून एक कापड काढून गजभिये पतिपत्नींपुढे धरलं. हरिदासांनी सवयीनं राजवाड्याचं टोक घेतलं आणि दुसऱ्या हातानं फोन सावरत ते चालू लागले. वसुधाबाईंच्या वाट्याला होडी आली. चार पावलं गेली नाहीत तोच कापड ताणलं गेलं. ओढायचं नाही हे पथ्य, म्हणून हरिदासांना थांबावं लागलं. असं तीन-चारदा झालं. स्तूपाच्या मागच्या बाजूला, जिथून लुंग मूनचं झाड दिसत नाही, तिथे वसुधाबाईंनी होडीच्या टोकाला हलकेच एक हिसका दिला.

हरिदासांनी वळून पाहिलं. "काय झालं वं? अटकलं का कुठं?"

"नाई जी," त्या म्हणाल्या. "चाला तुमी."

ते वळले आणि चालू लागले. पण या खेपेला जरा हळू. फोन कधी खिशात गेला, ते त्यांनाही कळलं नसावं. वसुधाबाई उरलेली प्रदक्षिणा बोटांकडे लक्ष ठेवून चालल्या. टोपलीत कापड परत ठेवताना त्यांनी होडीचं टोक सगळ्यात शेवटी सोडलं.

आजही उन्हाळ्यात नदी उतरली की धक्क्याशी चिखलातून एक काळं लाकूड डोकं वर काढतं. ती केवदाची होडी, असं गावातले लोक सांगतात, आणि तिथे कुणी नाव बांधत नाही. आजही त्या विहारात भिक्खूंना द्यायच्या भाताच्या गोळ्याला बायका वरून टोक काढतात. आणि आजही एकट्यानं आलेल्या माणसाला लुंग मून परत पाठवत नाही. कापड त्यालाही देतो. तो दोन्ही टोकं स्वतःच्याच हातांत धरून स्तूपाभोवती फिरतो, आणि मागच्या बाजूला गेला की एका हातानं दुसऱ्या हाताला हलकेच एक हिसका देऊन बघतो.