राजाच्या पायातला वाळा

एका राज्यात राजाला मुकुटाआधी पायात लोखंडी वाळा चढवीत. घराघरातून लोखंड मागून तो घडवलेला. राजा न्याय सोडून बोलला की वाळा असा आवळे, की बोलतीच बंद! पुढे लोकांची भक्ती उतू गेली. एवढा पवित्र वाळा पायात कसा घालायचा? नेऊन ठेवला देवळात, फासला शेंदूर, आणि राजाचा पाय राहिला मोकळा. काय म्हणावं या शहाण्यांना!

अशात राजा रुद्रसेनाला एका मांत्रिकाने वर दिला, ज्याला दगड म्हणशील तो दगड होईल. राजाने देवळाच्या पायरीवरून फर्मावलं, "नदीपलीकडची गावं जाळा."

"नाही, महाराज," प्रधान देवदत्त म्हणाला.

"दगड हो!"

प्रधान उभ्या उभ्या शिळा झाला. त्याची लेक तरंगिणी शिळेला मिठी मारून ऊर फुटेस्तोवर रडली. तेव्हा कळसावरची साळुंकी बोलली, "सांजआरतीला राजा वाळ्यापुढे दंडवत घालेल. तेव्हा पायात चढव, बाप उठेल. आरती संपली की शिळा ती शिळाच."

"वाळा या राजाच्या घोट्याला तोकडा आहे, साळुंके."

"घडवताना ज्यांना विचारलंच नाही, त्यांचं लोखंड घाल."

तरंगिणीने शेंदूर खरवडून वाळा उचलला.

"बाटवलास!" पुजारी किंचाळला.

"बाबांना वाचवलं का त्याने, इथे बसून?"

पुजाऱ्याने शिळेकडे पाहिलं, आणि वाळा गेल्याचं राजाला दिसू नये म्हणून रिकाम्या चौरंगावर फुलं रचली.

तरंगिणी धावत सुटली. रानातल्या पारध्याने बाणाचं टोक दिलं. वेशीबाहेरच्या चांभाराने कातडं कापायची रापी दिली. चुलीपुढची म्हातारी विळी देताना म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मागायला आलं गं, बाई." लोहाराने भट्टी पेटवली, तिन्ही लोखंडं वाळ्यात जोडली.

आरती सुरू झाली होती. राजा पालथा पडला, तशी तरंगिणीने त्याच्या घोट्याला वाळा लावला. राजाने मान वळवली. "दगड हो!" तिचे पाय दगड झाले, गुडघे झाले, कंबर झाली. बोटं तेवढी उरली होती. तिने जीव एकवटून कडी दाबली.

खट्!

राजाची जीभ टाळ्याला चिकटली. तरंगिणीच्या पायांत ऊब आली. पायरीवर देवदत्ताने श्वास घेतला, "पोरी," म्हणाला, आणि ती त्याच्या गळ्यात पडली.

गावं वाचली, मांत्रिक परागंदा झाला. लोक वाळ्यासाठी पुन्हा चौरंग धुऊ लागले. तरंगिणीने चौरंगच उचलून म्हातारीला बसायला दिला.

"हा वाळा टोचतो गं," राजा कळवळला.

"टोचायलाच केलाय, महाराज."