खड्डा की विहीर?

महामार्गात तान्हाबाई गोहणेचं वावर गेलं, विहिरीसकट. मोबदला ठरवायला आलेल्या साहेबांनी लांबूनच निकाल दिला, "ही विहीर कसली? पावसाचं पाणी साचलेला खड्डा आहे. खड्ड्याला मोबदला नसतो."

ती विहीर तान्हाबाईनं नवऱ्याच्या जोडीनं स्वतः खणली होती. साहेबांनी सोबतच्या पंचांसमोर पंचनाम्यात 'खड्डा' लिहूनही टाकला. शेवटी तिला राहवेना.

"साहेब, मंग एकदा आत उतरून तं पाहा."

साहेब काठावर आले, वाकले आणि झटकन मागे सरले.

"वेड लागलं का, बाई? मला पोहता येत नाही!"

"खड्ड्यात उतराले पोहणं कायले लागते, साहेब?"

पंचांना हसू आवरेना. साहेबांनी पंचनाम्यातला 'खड्डा' खोडला.