मातिल्दीनच्या लग्नाचे फुगे

"देवापुढे बसायला वेळ कुठून आणू, फादर? मला ह्या वचनातून सोडवा."

इनास रुमाव उभाच होता. हाताला कोपरापर्यंत पीठ.

फादर कैतान देवळाच्या पायरीवर बसले होते. ऐंशी उलटलेले, निवृत्त. उपवासकाळात ह्याच इनासने त्यांना गाठून म्हटलं होतं, मला प्रार्थना शिकवा. फादर म्हणाले होते, रोज थोडा वेळ माझ्याजवळ येऊन बस. दुसरं काही नाही. इनासने तसं वचन दिलं होतं.

इनास गावच्या सेवामंडळाचा प्रमुख. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, मयताची पेटी आणायची, एकट्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचं, सगळं तोच करायचा. तसं तो सांगायचाही.

"उद्या मातिल्दीनचं लग्न," तो म्हणाला. "पोर आश्रमात वाढलेली. बापाच्या जागी मी उभा आहे. काही कमी पडलं तर लोक म्हणतील, बिनबापाची होती."

"म्हणतील."

"मग? ही सेवा म्हणजे प्रार्थनाच नाही का?"

फादरांनी त्याच्या हातावरच्या पिठाकडे पाहिलं.

मग म्हणाले, "फुग्यांचं पीठ भिजवलं?"

"पहाटेच."

"चल. बघू."

आमच्या वसईत लग्नाला फुगे लागतात. पीठ ताडी घालून आंबवायचं, मुठीतून पिळून उकळत्या तेलात सोडायचं. गोळा टम्म फुगतो, आतून पोकळ. फुगे चपटे झाले तर ते लग्न गाव विसरत नाही.

इनासच्या दारात मांडव घातला होता. बायका मसाला कुटत गाणी म्हणत होत्या. फादर दिसताच इनासची बायको फिलू धावत आली.

"फादर, ह्यांना इथून न्या! पीठ जरा वर आलं की हे झाकण काढून ढवळतात. मेलं खालीच बसलंय."

"लक्ष नको द्यायला?" इनास ओरडला.

"लक्ष द्या. हात कशाला देता?"

फादरांनी टोपात पाहिलं. पीठ गप्प होतं. त्यांनी ते झाकलं, वर जाड फळी ठेवली.

"बस."

"कुठे?"

"फळीवर."

"फादर, मी मंडळाचा प्रमुख..."

"म्हणूनच. तुझ्याखालचं झाकण कोणी काढणार नाही. तूही नाही."

बायकांचं गाणं थांबलं. हसू सुरू झालं. इनास बसला.

फादर शेजारी खुर्ची ओढून बसले. हातात जपमाळ.

"किती वेळ?"

"पीठ सांगेल."

"तोवर काय करू?"

"काही नाही."

"प्रार्थना म्हणू?"

"आली तर म्हण."

इनास बसून राहिला. मांडवाची एक दोरी सैल दिसत होती. तो उठू लागला. फादरांनी नुसतं पाहिलं. तो बसला...

दोरी दुसऱ्या कोणीतरी ताणली.

उन्हं कलली. मातिल्दीन बाहेर आली. हातात नवा चुडा. इनासला पाहून दारातच थबकली.

"बाबा, तुम्ही बसता पण?"

"ह्यांनी बसवलंय."

ती त्याच्या पायाशी येऊन बसली. चुडा फिरवत राहिली.

"एक विचारायचं होतं. कधीपासून. तुम्ही सापडतच नव्हता."

"विचार."

"उद्या देवळात मला हाताला धरून तुम्हीच नेणार ना? की तेव्हाही इथे काम असेल?"

 ते काम इनासने धाकट्या भावाला सांगून टाकलं होतं. जेवणाच्या पंगतीकडे कोणी पाहायला हवं म्हणून.

"बाबा?"

"मीच नेणार," तो म्हणाला. "दुसरं कोण नेणार?"

ती हसली. आणि रडली. फिलूने डोळ्यांना पदर लावला आणि मसाल्याला दोष दिला.

मातिल्दीन आत गेली. इनासचं डोकं खाली होतं. ओठ हलत होते... फादर दुसरीकडे पाहत होते.

"अहो, उठा!" फिलू ओरडली. "पीठ बाहेर आलं!"

फळीच्या कडेने पीठ फुगून वर आलं होतं. इनासच्या पॅंटला लागलं होतं. सगळा मांडव हसला. इनास सर्वांत मोठ्याने. फिलूने कढई चुलीवर चढवली, तेल ओतलं. कोणीतरी मातीचं घुमट काढून वाजवायला घेतलं.

इनास अजून फळीवरच होता. चेहरा उजळलेला.

"समजलं, फादर. सेवामंडळ उद्याच दुसऱ्याला देतो. कामं पुरे झाली. आता तुमच्याजवळ नुसता बसणार. जन्मभर."

फादर उठले. त्यांनी त्याचा दंड धरून त्याला उभं केलं. फळी काढली. पिठाचा एक मोठा गोळा उचलून त्याच्या मुठीत दिला.

"तेल तापलंय, इनास."