हिरव्या भिंतीची पाठ

“मग त्यांना हवंय तरी काय, बुवा?”

उन्मेषचा आवाज चढला होता. मठाच्या पडवीत एवढ्या मोठ्यानं सहसा कोणी बोलत नाही.

सोमगिरी बुवा घेवडा निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली, उन्मेषकडं पाहिलं आणि पुन्हा शेंगेत बोट घातलं.

आभाळ सकाळपासून भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. कृष्णेचं गढूळ पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. असल्या हवेत माणसाला उगीचच कोणीतरी गेल्यासारखं वाटत राहतं.

उन्मेष या मठातला जुनाच. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आबा, म्हणजे त्याचे वडील, त्याला इथं आणून सोडायचे. पोराला पोहायला, स्तोत्रं म्हणायला आणि गप्प बसायला शिकवा, असं बुवांना सांगायचे. पहिल्या दोन गोष्टी तो चटकन शिकला.

आता तो बागा आखतो. बाग म्हटलेलं मात्र त्याला खपत नाही. तो ‘आउटडोअर स्पेस’ म्हणतो. पुण्या-कोल्हापूरची बडी मंडळी त्याला बोलावतात, अंगणात लाकडी डेक घालून घेतात, आणि मग तिथं बसायला वेळच मिळत नाही म्हणून हळहळतात.

“अर्धांगाचा झटका आल्यापासून आबा खाटेवर आहेत,” तो म्हणाला. “वाचा गेली. उजवी बाजू गेली. राहिलं काय? डोळे. म्हटलं, डोळ्यांना तरी सुख द्यावं. जगाच्या बागा करतो, बापासाठी एक करू नको?”

“केलीस ना.”

“जीव ओतून केली.”

“बरं केलंस.”

“आणि ती झाल्यापासून त्यांनी खिडकीकडं पाठ फिरवली! बळंच वळवलं तर डोळे मिटून घेतात. पेज भरवायला गेलं की ओठ घट्ट. डॉक्टर म्हणतात, नवीन काही झालेलं नाही, त्यांच्या मनानं घेतलंय.”

“काय घेतलंय?”

“तेच तर विचारायला आलोय.”



“ते चाललेत, बुवा. मला दिसतंय.” उन्मेषचा आवाज आता खाली आला. “जायच्या आधी त्यांनी एकदा बघावं. नुसती मान हलवावी. बाकी काही नको मला…”

एवढं बोलून त्यानं तोंड नदीकडं केलं. माणूस गर्विष्ठ होता, पण बापावर माया होती. ती खोटी नव्हती.

बुवांनी हात पंच्याला पुसले.

“दाखव.”

उन्मेषनं फोन पुढं केला. एकेक फोटो सरकू लागला. परसात सागवानी डेक. वर लाकडी पट्ट्यांचा मांडव, त्याच्यात लपवलेले पिवळे दिवे. दगडी कुंडात संथ पाणी, पाण्यावर एकही पान नाही. मऊ गाद्यांचा झोपाळा. गवतसुद्धा असं, की त्याला वारा लागला तरी शिस्तीत हलावं.

“ही शेगडी कसली?”

“फायर पिट म्हणतात. गॅसवर चालतो. संध्याकाळी सगळ्यांनी भोवती बसायचं.”

“कोण बसतं?”

“अजून… बसू. जरा आबांचं मार्गी लागलं की.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. त्यानं घाईनं पुढचा फोटो आणला.

“आणि ही बघा. हिरवी भिंत. लोखंडी सांगाडा, त्यावर जाड कापडाचे खिसे, खिशाखिशात रोपं. पाणी आपोआप ठिबकतं. हिच्यावर मासिकात लेख आला.”

नेचे, मनी प्लँट, जांभळ्या पानांच्या वेली… पुरुषभर उंचीची भिंत नुसती झुलत होती.

“सुंदर आहे,” बुवा म्हणाले.

ते चेष्टेनं म्हणाले नव्हते. भिंत खरोखरच सुंदर होती.

“मग सांगा ना! काय चुकलं माझं?”

बुवांनी फोन त्याच्या हातात दिला. मग बसल्या जागीच, गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू फिरले आणि उन्मेषकडं पाठ करून बसले.

उन्मेषला वाटलं, काहीतरी घ्यायला वळले असतील.

बुवा काही घेत नव्हते.

“बुवा?”

“बोल. ऐकतोय.”

उन्मेष बोलू लागला. दगड राजस्थानातून आणले ते सांगितलं, दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून केवढी खटपट केली ते सांगितलं. समोर विटलेल्या कफनीची पाठ होती. तिला मधोमध एक ठिगळ होतं. पाठ हुंकार देत नव्हती, मान डोलवत नव्हती.

त्याचं बोलणं तुटायला लागलं. सुरू केलेलं वाक्य मध्येच सुटून जाऊ लागलं. भरसभेत न अडखळणारा माणूस, पण एका ठिगळापुढं त्याला शब्द सापडेनात.

“बुवा, वळा ना इकडं.”

पाठ तशीच.

“हे काय चाललंय? मी एवढा घायकुतीला येऊन बोलतोय आणि तुम्ही… पाठीशी काय बोलायचं माणसानं? काय बघायचं तिच्यात?”

“आबांची खाट कुठं आहे रे?” बुवांनी तोंड न वळवताच विचारलं.

“मागच्या खोलीत. परसाकडच्या खिडकीशी.”

“आणि तुझी हिरवी भिंत?”

“खिडकीसमोरच. आबांना गारवा लागावा म्हणून मुद्दाम तिथं…”

उन्मेष थांबला.

नदीवरून कुबट वास येत होता. पडवीतलं मांजर उठून आत गेलं.

“रोपांचं तोंड कुणीकडं?” बुवांनी विचारलं.

“…डेककडं.”

“आणि खिडकीकडं?”



“सांगाडा. काळं प्लास्टिक. पाण्याच्या नळ्या.” मग आणखी हळू, “खालून चिखल गळतो.”

“तोंड उलटं का केलं नाहीस?”

“डेकवर बसलं की समोर खिडकी यायची, बुवा. आतली खाट दिसायची. औषधांच्या बाटल्या, कमोडची खुर्ची… पाहुण्यांना… फोटोत बरं दिसेना.”

“गारव्याचं काय म्हणत होतास मघाशी?”

“तसंच वाटत होतं मला. खरंच तसं वाटत होतं.”

खोटं बोलत नव्हता तो. आपण स्वतःला एखादी गोष्ट फार दिवस सांगत राहिलो की ती खरी वाटू लागते. त्याच्या बाबतीत तसंच झालं होतं, आणि आता ते त्याला कळलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बुवा अजूनही वळले नव्हते.

“भिंत नव्हती तेव्हा खिडकीतून काय दिसायचं?”

“काही नाही हो. आमचं रिकामं परस. कमरेएवढं कुंपण. पलीकडं शेजारच्या शिकलगारांची मोरी, दोरीवरचे कपडे, मागच्या दाराची पायरी…”

“पायरीवर कोण असायचं?”

उन्मेषनं तोंडावरचे हात काढले.

“दस्तगीरकाका,” तो म्हणाला.

मग त्यानं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. घरं पाठीला पाठ लावून. दारं मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांत, वळसा मोठा. दस्तगीरकाकांचे गुडघे गेलेले, त्यांना तेवढं चालवत नसे. आबांना तर उठताच येत नव्हतं. रोज सकाळी काका चहाची बशी घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसत. बसले की हात वर करत. खिडकीतून आबा डावा हात वर करत.

“आणि?”

“आणि काही नाही. एवढंच. मग काका चहा पीत बसायचे आणि आबा त्यांना बघत बसायचे. जन्मभर एसटी स्टँडवर गाड्या सोडलेला माणूस, त्याला समोर माणसं लागतात. मी म्हणायचो, काय ही करमणूक! समोर मोरी आणि फाटक्या चादरी…”

“भिंत झाल्यावर?”

“काकांची सून एकदा फाटकात आली होती. म्हणाली, अब्बा सारखं विचारतायत, आबा दिसत नाहीत, बरं आहे ना? मी म्हटलं, छान आहेत. तिला आत बोलावलं. डेक दाखवला.”

“काय म्हणाली?”

“लई भारी झालंय म्हणाली. गेली.”

आता तो रडत होता. आवाज न करता, लहान पोरासारखा नाकानं ओढत. मठात आलेली माणसं रडतात, त्यात नवल नाही. पण उन्मेषला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते पाहवत नव्हतं.

मग एकाएकी त्यानं डोळे पुसले आणि फोन उचलला.

“काढतो. आजच्या आज काढतो. माणसं बोलावतो, कटर लावून सांगाडा उचलायला लावतो. लेख गेला खड्ड्यात. संध्याकाळच्या आत खिडकी मोकळी…”

अंगठा नंबरावर गेला आणि तिथंच थांबला.

फोन हातात तसाच राहिला. थोड्या वेळानं त्याचा उजेड आपोआप विझला.

“का रे?” बुवा म्हणाले.

“काका गेले, बुवा.”

बुवांच्या पाठीला किंचित बाक आला.

“गेल्या महिन्यात. झोपेतच गेले. मी गेलो होतो, कब्रस्तानात माती दिली. घरी येऊन अंघोळ केली आणि आबांच्या खोलीत गेलो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.”

“सांगितलंस?”

“नाही. त्यांना सोसलं नसतं.”

“हं.”

“म्हणजे त्यांना वाटत असेल, काका अजून पलीकडं बसतायत. हात वर करतायत… आणि मध्ये मी.”



“भिंत काढली तर पायरी रिकामी दिसेल. ठेवली तर ते त्या प्लास्टिककडं पाठ करूनच जातील. कसंही केलं तरी मारणारा मीच.” तो पुढं सरकला. त्यानं बुवांच्या पाठीला हात लावला. “काय करू? काय ते एकदाच सांगा.”

बुवा वळले. गुडघ्यांवर जोर देत, जेवढ्या सावकाश पाठ केली होती तेवढ्याच सावकाश. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर उन्मेषला जरा हलकं वाटलं असतं.

“भिंत काढ,” ते म्हणाले.

“आणि पायरी?”

“तिथं जाऊन तू बस.”

“मी?”

“काका बसायचे त्या वेळेला. सुनेला विचार, ती नाही म्हणायची नाही.”

“त्यापेक्षा मी आबांच्या खाटेशी बसतो. हात हातात घेतो, माफी मागतो…”

“त्यांना खाटेशी कोणी नको होतं. पायरीवर हवं होतं.”

 किती बारीक गोष्ट, आणि उन्मेषला ती बोचली किती.

“बसून काय करू?”

“हात वर कर.”

“मला तिथं बघितलं की त्यांना कळेल, बुवा. काका का आले नाहीत ते.”

“कळेल.”

“त्या क्षणी कळेल. मी पलीकडं, ते एकटे आत. धरायलाही जवळ कोणी नाही…”

“हो.”

पाऊस आता बारीक पडायला लागला होता. पन्हळीतून पडवीच्या कडेला थेंब गळत होते. उन्मेष त्यांच्याकडं बघत राहिला. पुढचा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता. पण तो विचारल्याशिवाय उठताही येत नव्हतं.

“आणि त्यांनी हात वर केला नाही तर? …मला बघून पुन्हा तोंड फिरवलं तर?”

“तरी बस.”