कडजाईच्या पानातलं मीठ

नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धामणखोरीत मात्र उलटाच कारभार. चैत्रात कडजाईची पालखी इथे विसाव्याला टेकते, तेव्हा देवीपुढे पिठलं, भाकरी आणि कडेला चिमूटभर मीठ. पुरण नाही, खीर नाही. पेढ्यांचे पुडे घेऊन आलेले पाहुणे बुचकळ्यात पडतात. मग म्हातारे केरबा गुरव त्यांना चिंचेच्या सावलीत बसवून ठमाबाईची हकिगत सांगतात.

फार मागे, म्हणे, पालखी या वाडीत येतच नसे. वरच्या पाणंदीने परस्पर नदीवर जाई. पाच घरांची वाडी, ती देवीला काय जेवू घालणार, असंच सगळे धरून चालले होते. ठमाबाईची सासू पायांनी अधू झालेली. नऊ वर्षं तिला देवीचं तोंड दिसलं नव्हतं. चैत्रात लांबून ढोल ऐकू आला की ती उंबऱ्यात बसल्या बसल्या हात जोडी.

एका साली पाणंदीत बाभळ आडवी झाली, म्हणून पालखी वाडीतून न्यावी लागली. नेमकी ठमाबाईच्या दारासमोर दांडीची दोरी सुटली आणि पालखी भुईला टेकली. आता रिवाज असा, की पालखी जिथे टेकेल तिथे नैवेद्य झाल्याशिवाय उचलायची नाही, आणि ज्या वाडीचा नैवेद्य होईल तिथे दरसाल विसावा. वाडीने नाही दिला, तर गुरवाने आपल्याजवळचा गुळाचा खडा दाखवायचा आणि पुन्हा त्या वाटेने फिरकायचं नाही.

पालखीबरोबरचा गुरव म्हणाला, "ऊन चढायच्या आत नदी गाठायचीय. भोई दोन चिलमी ओढतील, तेवढाच येळ."

सासूने भरल्या डोळ्यांनी देवी पाहून घेतली. मग सुनेचा पदर धरून म्हणाली, "ठमे, परत यील का गं ही?"

ठमाबाई घरात धावली. मडकी धुंडाळली. वाटीभर डाळीचं पीठ, चार मिरच्या, बोटभर तेल आणि एका भाकरीपुरता जोंधळ्याचा आटा, बस्स. पण पिठल्याला लागतो तरी किती वेळ? तिने चुलीवर तवा चढवला, बाजूच्या वैलावर कढईत तेल टाकलं, मिरच्या तडतडल्या, पाणी उकळलं, डाव्या हाताने पीठ भुरभुरवत उजव्याने ती घोटू लागली. तेवढ्यात वाडीतल्या बायका स्वयंपाकघरात शिरल्या. एक म्हणे लसूण घाल, दुसरी म्हणे देवीला लसूण चालत नाही, तिसरी नुसतीच "आटप, आटप" करत होती. पिठलं रटरटलं, भाकरी फुगली, ठमाबाईने तवा उतरवला आणि तिची नजर मिठाच्या मडक्यावर गेली.

मीठ घातलं की नाही?

तिला आठवेना. एवढं साधं, रोजचं काम, आणि काही केल्या आठवेना.

"घातलंस की. म्या बघितलं," शेजारची म्हणाली.

"ती हळद व्हती," दुसरी म्हणाली.

"मीच टाकलं वाटतं चिमूटभर," तिसरी पुटपुटली, आणि लगेच, "का मनातच आलं व्हतं, कुणाला ठावं!"

ठमाबाईने वास घेऊन पाहिला. मिठाचा वास कुठे येतो? मिठाच्या मडक्यात डोकावली. काल किती होतं तेच कुठे ठाऊक? नैवेद्य चाखायची सोय नाही, उष्टा होतो. नवा करावा तर पीठ संपलेलं. आणखी घालावं तर खारट, न घालावं तर अळणी. बाहेर दुसरी चिलीम विझत आली होती. तिने ताटात पिठलं-भाकरी वाढली, आणि बावचळून कडेला मीठही वाढलं.

ताट पाहून गुरव उखडला. "नैवेद्याला मीठ? अगं, डोकं ठिकाणावर हाय का?"

ठमाबाई पालखीपुढे खाली बसली. "आई, मीठ घातलंय का न्हाई, मला खरंच आठवंना. चाखता यीना. कमी असलं तर हे घे."

गुरवाने ताट बाजूला सारलं आणि कमरेचा गुळाचा खडा काढून देवीला दाखवला. भोयांनी खांदा दिला. पालखी हलेना. चारांचे आठ झाले, तरी हलेना. कुणी म्हणे देवी मिठाने कोपली, कुणी म्हणे गुळाने कोपली, कुणी म्हणे दोरीच कुठेतरी अडकलीय. गुरवाने दोनदा वाकून दोरी पाहिली. त्यालाही काही उमगेना.

तेव्हा उंबऱ्यातून सासू कडाडली, "अरं, जिनं रांधलं तिला आधी खाऊ घाला! देवी आई हाय न्हवं? लेक उपाशी असताना आई जेवती व्हय?"

शेवटी गुरवानेच ताट पुन्हा पुढे ओढलं, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि ठमाबाईच्या तोंडाशी धरला. ती सासूकडे पाहात राहिली, गुरवाकडे पाहात राहिली, आणि मग तिने घास घेतला. मीठ होतं का, असं सगळ्यांनी विचारलं. पण डोळ्यांतलं पाणी घासाबरोबर तोंडात गेलेलं. तिला काही सांगता येईना. मग उरलेलं पान देवीपुढे मांडलं, आणि पालखी म्हणे चौघांनीच अलगद उचलली.

पुढची सहा वर्षं सासूने दारात बसून दर्शन घेतलं, असं सांगतात.

आजही विसाव्याला पिठलं कुणीही रांधावं, बाहेरगावच्या बाईनेसुद्धा. पण पहिला घास देवीचा नाही. केरबा गुरव तो रांधणारीपुढे धरतात आणि म्हणतात, "आधी तू जेव, बाई." नवख्या बायका गोंधळतात. मागे कोण उभं आहे ते वळून पाहतात. केरबा हात मागे घेत नाहीत.